प्रिय संधाता, आधी तोडायला शीक

प्रिय संधाता,

हे नाव वाचून पत्र दुसऱ्याच कुणाचं असेल असं वाटलं ना? तुझंच आहे. आयटीआयच्या मराठी कागदावर ट्रेडचं नाव नीट बघ. तिथे फिटर हा जोडारी असतो, टर्नर कातारी, इलेक्ट्रिशियन वीजतंत्री, वायरमन तारतंत्री. आणि वेल्डर म्हणजे संधाता. कागदाबाहेर ही नावं कुणी घेत नाही. लोक तुला वेल्डर म्हणतील, निम्मे तर नुसतं 'वेल्डिंगवाला'. मला मात्र कागदावरचा शब्द आवडतो. सांधणारा तो संधाता. ज्या मुळातून सांधा आला, त्यातूनच संधीही आली.

संधीचं म्हणशील तर तुला ती बहुधा सगळ्यांच्या मागून मिळाली असेल. प्रवेशाच्या फेऱ्या मी पाहिल्यात. गुणांची यादी लागते, वीजतंत्री आणि जोडारी आधी भरतात. संधाता शेवटी शेवटी. दहावीत गाडी अडलेल्यांनाही ज्या मोजक्या ट्रेडची दारं उघडी असतात, त्यांत हा एक, आणि तोही एका वर्षाचा. म्हणून घरचे त्याच्याकडे उरलासुरला म्हणून बघतात. मी शिल्प निदेशक होतो तेव्हा दर ऑगस्टमध्ये कुणाचे तरी वडील शेडच्या दारात उभे राहून हळूच विचारायचे, ''सर, ट्रेड बदलून मिळेल का?'' मी त्यांना आत बोलवायचो आणि एक मोडलेला जोड हातात द्यायचो. त्यांना त्यातलं काही कळायचं नाही. तुला कळावं म्हणून हे पत्र.

पहिले काही दिवस तुझ्या हातात रॉड धरायचा होल्डर येणारच नाही. सिलिंडर ओळखायला शिकशील. काळा ऑक्सिजनचा, तपकिरी-लाल ॲसिटिलीनचा. ॲसिटिलीनच्या नटाचे आटे उलटे असतात, डावीकडचे, म्हणजे गडबडीतही नळ्यांची अदलाबदल होऊ नये. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेलाचा किंवा ग्रीसचा हात लावायचा नाही. ऑक्सिजनच्या दाबाखाली तेल आपणहून पेट घेऊ शकतं. कपडे सुती हवेत, नायलॉनचा शर्ट घरी ठेव. बूट चामड्याचे. हे कंटाळवाणं वाटेल, पण ऐक.

मग एके दिवशी दहा नंबरचा रॉड होल्डरमध्ये अडकवून तू आर्क, म्हणजे विजेची ज्योत, पाडायला जाशील आणि रॉड प्लेटला चिकटून बसेल. ओढशील, निघणार नाही. मनगटाला झटका देऊन तो सोडवायचा असतो. काडेपेटीवर काडी ओढतात तसा रॉड प्लेटवर ओढायचा आणि लगेच त्याच्या तारेच्या जाडीइतका वर उचलून धरायचा, सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास. त्या एवढ्याशा फटीत पाच-सहा हजार अंशांच्या घरातली उष्णता असते, आणि पोलाद तर दीड हजाराच्या आसपासच वितळतं. रॉड जळत जातो तसतशी फट वाढते, म्हणून हात पुढे सरकताना खालीही यायला हवा. एकाच वेळी दोन दिशांना आणि दोन वेगांनी. आपल्याकडे म्हणतात 'हात बसला', ते याला. फळ्यावर लिहून तो बसत नाही.

कानही उघडा ठेव. फट बरोबर असली की तापल्या तेलात पुरी सोडल्यावर येतो तसा सलग आवाज येतो. फट लांबली की फटफट होते आणि थेंब उडतात. करंट जास्त झाला तर बीडच्या, म्हणजे जोडावर उमटलेल्या धातूच्या रेघेच्या, कडेला मूळ प्लेट खाल्ली जाऊन चर पडतो, त्याला अंडरकट म्हणतात. कमी झाला तर धातू प्लेटवर नुसता ढिगासारखा बसतो, आत शिरत नाही. महिनाभरात तुझा बीड देखणा दिसायला लागेल. एकावर एक कलत्या ठेवलेल्या नाण्यांसारखा, सारख्या लहरींचा. तू मोबाइलवर त्याचा फोटो काढशील. तिथूनच माझ्या पत्राचा मुद्दा सुरू होतो.

दोन पट्ट्या टीच्या आकारात जोडायच्या, एकाच बाजूनं. गार झाल्या की व्हाइसमध्ये धरायच्या आणि उलट्या बाजूनं घण घालायचा. माझ्या वर्कशॉपमध्ये हे दर आठवड्याला व्हायचं, आणि ज्याचा जोड त्यानंच मोडायचा असा नियम होता. सुरुवातीला मुलं रुसायची. तास-दीड तास खपून केलेली वस्तू निदेशक तोडायला सांगतो म्हणजे काय! पण तो जोड उघडला की आतलं दिसायचं. कोपऱ्याच्या मुळाशी पट्टीची मूळ कड जशीच्या तशी, म्हणजे तिथे धातू पोचलाच नव्हता. काळ्या रेघा, म्हणजे आधीच्या थराचा स्लॅग, म्हणजे वर जमलेली मळीची खपली, नीट न काढता त्यावर पुढचा थर दिलेला. आणि आंबोळीला पडते तशी जाळी. आंबोळीला ती हवी असते. जोडात ती म्हणजे वायू अडकून राहिला. वरून देखणा असलेला जोड आतून असा. कुणी रागावलं नाही तरी त्या पोराचा चेहरा पडायचा. पुढच्या आठवड्यात तोच पोरगा चिपिंग हॅमर घेऊन कडेकडेनं स्लॅग खरवडताना दिसायचा, न सांगता.

एक गोष्ट सांगतो. १९४३ च्या जानेवारीत, १६ तारखेला, अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या बंदरात 'स्केनेक्टडी' नावाचं नवंकोरं तेलवाहू जहाज शांत पाण्यात उभं असताना जवळजवळ दुभंगलं. वादळ नाही, टक्कर नाही. युद्धाच्या घाईत तिथे नवख्या माणसांना पटापट तयार करून रिबिटांऐवजी वेल्डिंगनं जहाजं बांधली जात होती. पोलाद थंडीत ठिसूळ पडणारं होतं आणि जोडांतल्या दोषांनी तड्याला सुरुवात करून दिली. यातली खरी शिकवण निराळीच आहे. रिबिटांच्या जहाजात तडा एका पत्र्याच्या कडेशी येऊन थांबायचा, कारण पुढे दुसरा पत्रा सुटा असायचा. वेल्ड केलेलं जहाज एकसंध. तड्याला अडवायला मध्ये कडाच नाही. आपण दोन तुकड्यांचा एक करतो म्हणजे बळ देतो, आणि तड्याला वाटही देतो. ही वाट द्यायची की नाही, ते आपल्या हातावर.

म्हणून थिअरीच्या तासाला मागच्या बाकावर बसू नकोस. एखाद्या रॉडच्या पाकिटावर 'ई ७०१८' लिहिलेलं असतं. पहिले दोन आकडे ताकदीचे, चौरस इंचाला सत्तर हजार पौंड. त्यापुढचा एक म्हणजे आडवा, उभा, डोक्यावर, कुठेही चालतो. शेवटचा आकडा रॉडवरच्या लेपाचा; हा कमी हायड्रोजनचा. हे पाठ केलंस तर परीक्षेत गुण मिळतील. पण असा रॉड भट्टीत भाजून का वापरायचा, हे कळलं तर पुढे कुणाचा तरी जीव वाचेल. पावसाळ्यात लेप हवेतली ओल पितो, आर्कमध्ये पाण्यातून हायड्रोजन सुटतो आणि जाड पोलादात शिरून बसतो. जोड संध्याकाळी ठणठणीत असतो आणि दोन दिवसांनी त्याला तडा जातो. रस्त्यावरच्या दुकानातला चांगला कारागीर तुला हात देईल, वेग देईल. ओला रॉड का वापरायचा नाही हे तो सांगेल किंवा सांगणारही नाही, कारण ग्रीलला त्यानं फरक पडत नाही. बॉयलरला पडतो. वर्गातल्या फळ्यानं आणि व्हाइसमधल्या मोडलेल्या जोडानं मिळून जे शिकवलं जातं, त्यासाठीच हे वर्ष.

आता शरीराचं. आर्ककडे उघड्या डोळ्यांनी एक क्षणही बघू नकोस. शेजारच्याच्या आर्ककडेही नाही. तेव्हा काही होत नाही, म्हणूनच फसायला होतं. रात्री झोपेतून उठशील आणि डोळ्यांत वाळू भरल्यासारखं वाटेल. घरचे बटाट्याच्या चकत्या ठेवतील, तू डॉक्टरकडे जा. बाजारात मिळतो तो काळा चष्मा घालून काम करणारे तू रस्त्यावर पाहिले असशील. ते तुझे गुरू नव्हेत. हेल्मेटला दहा-अकरा शेडची काच हवी. आणि धूर. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं वेल्डिंगच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. जस्त चढवलेल्या पाइपावर काम केलंस की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. दूध पी, गूळ खा, असं जुने लोक सांगतात. दूध-गूळ जरूर खा, पण धूर फुप्फुसात जातो आणि दूध पोटात. जोडाच्या जागेवरचं जस्त आधी घासून काढ, तोंड धुराच्या वाटेतून बाजूला ठेव, धूर ओढणारा पंखा बंद असेल तर चालू करायला लाव. मुलगी असशील तर चामड्याचे हातमोजे मोठे होतील. मापाचे मागून घे. सैल हातमोज्यात मनगट फिरत नाही.

सगळं मिळेलच असं नाही, हेही सांगून टाकतो. मी जिथे जिथे काम केलं तिथे एखादं मशीन नेहमी 'दुरुस्तीला' असायचं आणि वर्ष संपायच्या आत रॉड संपायचे. वीसएक मुलं, मशीन त्याहून बरीच कमी, मग आपली पाळी कधी येते याची वाट बघत बसायचं. बसू नकोस. दुसऱ्याचा आर्क काचेतून बघ. वितळलेल्या धातूचं डबकं कसं सरकतं ते स्वतःचा हात गुंतलेला नसताना जास्त नीट दिसतं. हाती रॉडचा अर्धा तुकडा आला तर अर्धाच जाळ, पण सरळ जाळ. आणि जे हक्काचं आहे ते माग. सगळ्यांनी मिळून लिहून मागितलं की कधी कधी मिळतं. मागितलं नाही तर कधीच मिळत नाही.

एका वर्षानं परीक्षा होईल, राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळेल. तिथे थांबू नकोस, अप्रेंटिसशिप कर. १९६१ चा कायदा त्यासाठीच आहे. विद्यावेतन थोडं असतं, पण खरं काम बघायला मिळतं. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये 'आयएनएस शल्की' ही भारतात बांधलेली पहिली पाणबुडी तयार झाली आणि १९९२ मध्ये नौदलात दाखल झाली. पाण्याचा दाब चहूबाजूंनी झेलणाऱ्या त्या पोलादी पोटात किती मीटर वेल्ड असेल, विचार कर. पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांत हंगामात उसाचे रोलर फिरत असताना, रस गळत असतानाच, त्यांच्या दातांवर धातूचे थेंब चढवतात, ऊस घसरू नये म्हणून. हंगाम संपला की बॉयलरच्या नळ्यांची दुरुस्ती निघते. त्यासाठी बॉयलरच्या नियमांखालची वेगळी परीक्षा द्यावी लागते. पंचेचाळीस अंशांत तिरका बांधलेला पाइप, तो फिरवायचा नाही, आपणच त्याच्याभोवती फिरायचं. त्याला सिक्स-जी म्हणतात. आखाती देशांत जाणाऱ्यांनाही बहुधा हाच पाइप विचारतात. आणि बॉयलरच्या आत दोन नळ्यांमध्ये जागा नसली की पाठीमागचा जोड आरशात बघून मारायचा असतो. हात पुढे न्यायचा तर आरसा तो मागे आल्यासारखा दाखवतो. चाकणच्या मोटार कारखान्यांत टाके मारायला रोबोट आहेत आणि ते उत्तम काम करतात. त्या बॉयलरमध्ये आरसा धरून अजून माणूसच शिरतो.

अशा कामावर प्रत्येक वेल्डरला खुणेचा क्रमांक असतो. जोडाशेजारी तो ठोकलेला असतो आणि नोंदवहीत लिहिलेला असतो. एक्स-रेमध्ये दोष दिसला की आधी तो क्रमांक वाचला जातो. तिथे जोड तोडून बघायची सोय नसते. तिथे तुटलेल्या जोडाची किंमत मालकाला पडते, किंवा खाली उभ्या असलेल्या बॉयलरच्या फायरमनला. तुझ्या उभ्या आयुष्यात हे एकच वर्ष असं आहे, की जोड मुद्दाम तोडायचा आणि त्याचं कुणालाच नुकसान नाही. ते पुरेपूर वापर. जोड चांगला आला आहे असं वाटेल त्या दिवशी तर जरूर तोड.

पहिला टी-जोड मोडशील तेव्हा त्यावर तुझा हजेरी क्रमांक पंच केलेला असेल. त्यातला अर्धा तुकडा निदेशकांना विचारून घरी घेऊन जा. वडील विचारतील, हे मोडकं काय आणलंस? त्यांना दिव्याखाली ने. धातू कुठे शिरला आणि कुठे शिरला नाही ते बोट ठेवून दाखव, तसं का झालं ते सांग, उद्या काय बदलणार तेही सांग. एवढं सांगता आलं, की ट्रेड बदलून मिळेल का असं विचारायला तुझ्या घरातून कुणी शेडच्या दारात येणार नाही.

तुझा,
एक निवृत्त शिल्प निदेशक