अरण्यदर्शनास ऋतू कोणता?

वार्षिक परीक्षा जवळ आल्या की मध्यम स्थितीतील कुटुंबांत प्रवासाची भाषा सुरू होते. पूर्वी ती कोकणातील घरापुरती, किंवा फार तर काशी-रामेश्वरापुरती असे. आता तिची मजल आफ्रिकेच्या अरण्यापर्यंत गेली आहे. सिंह, हत्ती, जिराफ मोकळ्या रानात पाहून यावयाचे, या प्रवासास ‘सफारी’ म्हणतात. शब्द परका वाटला तरी त्याचे मूळ आपल्या परिचयाचे आहे. अरबी ‘सफर’ पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील स्वाहिली भाषेत गेला व तेथे ‘सफारी’ झाला. तोच फारसीच्या वाटेने मराठीत येऊन ‘सफर’च राहिला.

परळच्या भोईवाड्यात आमचे एकत्र कुटुंब आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याने असाच बेत घरात मांडला. त्याचे वडील, म्हणजे माझे ज्येष्ठ बंधू अण्णा, यांस तेव्हा एकोणऐंशीवे वर्ष लागले होते. राणीच्या बागेतील पिंजऱ्यांपलीकडे त्यांनी मोठे श्वापद पाहिलेले नव्हते, आणि एकदा तरी ते त्याच्या स्वतःच्या घरी पाहावे अशी त्यांची फार दिवसांची इच्छा होती. पुतण्याचे म्हणणे असे की, मे महिन्यात मुलांस सुट्टी असते आणि त्या महिन्यात केनियाची सफर स्वस्तही पडते. मग वाट कशाची पाहावयाची? मी त्यास एवढेच विचारले, “बाळ, ती मे महिन्यातच स्वस्त का पडते?”

हा प्रश्न सुचण्यास मला आफ्रिकेस जावे लागले नव्हते; शिवडीच्या खाडीने तो मला शिकविला होता. भोईवाड्यातून शिवडीचा धक्का पायी जाण्याजोगा आहे. १९९० नंतरच्या काळात तेथील चिखलावर रोहित पक्षी, ज्यांस कोणी अग्निपंख म्हणतात, हजारोंनी उतरू लागले. कार्तिक-मार्गशीर्षाच्या सुमारास ते येतात आणि पावसाळा तोंडावर आला की बहुतेक निघून जातात. परंतु नुसता महिना साधून भागत नाही. ओहोटीस गेल्यास पक्षी दूर चिखलात गुलाबी ठिपक्यांसारखे दिसतात; पूर्ण भरतीस गेल्यास चिखलच पाण्याखाली गेलेला असतो. भरती चढू लागली म्हणजे पाणी त्यांस हळूहळू किनाऱ्याकडे ढकलते, आणि तीच पाहण्याची वेळ. ज्यास पाऊणकी पाठ आहे त्यास ही वेळ काढणे कठीण नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास अजमासे हाती येतो. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा. तेव्हा त्या दिवशी सायंकाळी चारच्या सुमारास धक्क्यावर असावे. न्हावा-शेव्याकडे जाणारा समुद्रपूल २०२४ च्या जानेवारीत खुला झाला. त्याचे बांधकाम सुरू झाल्यापासून शिवडीस पूर्वीइतके थवे उतरत नाहीत आणि ते पाहण्यास ठाणे खाडीकडे जावे लागते. तथापि शिकवण तीच राहिली: पाहणाऱ्याने स्वतःची सवड पाहण्याआधी पाणी कोठे आहे हे विचारावे.

आफ्रिकेसही हाच नियम लागू पडतो. केनिया व टांझानिया या देशांत मार्चअखेरपासून मेपर्यंत दीर्घ पाऊस पडतो. गवत वाढते, वाटा चिखलाने भरतात, आणि जागोजागी पाणी साचल्यामुळे जनावरांस एका ठिकाणी येण्याचे कारण उरत नाही. मे महिना स्वस्त असण्याचे इंगित हे! जुलैपासून ऑक्टोबरपर्यंतचे दिवस कोरडे. त्या दिवसांत वाइल्डबीस्ट नावाच्या जनावरांचे लाखोंचे कळप ओल्या गवताच्या शोधात उत्तरेकडे येऊन मारा नदी ओलांडतात. परंतु त्यांची वासरे जन्मास येताना पाहावयाची तर जानेवारी-फेब्रुवारीत सेरेंगेटीच्या दक्षिणेकडील मैदानांवर गेले पाहिजे. अर्थात एकाच जनावरासाठी दोन निरनिराळे ऋतू झाले. त्याहून नवल बोत्स्वानातील ओकावांगो नदीचे. तिला पूर येतो तो तेथला पाऊस संपल्यावर, ऐन कोरड्या दिवसांत. कारण तो पाऊस दूर अंगोलाच्या डोंगरांत पडलेला असतो आणि सपाट प्रदेशातून सावकाश वाहत येण्यास त्यास काही महिने लागतात. नुसते पर्जन्यमान पाहून तेथे जाणारा मनुष्य फसावयाचाच.

असो. पुढे खर्चाचा हिशेब झाला, अण्णांच्या प्रकृतीचा विचार झाला, आणि आफ्रिका मागे पडून ताडोबा पुढे आले. त्यात कोणास कमीपणा वाटला नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील हे अरण्य १९५५ साली महाराष्ट्राचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे अंधारी अभयारण्यासह तेथे व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, आणि आज भोवतालच्या पट्ट्यासह त्याचा विस्तार सुमारे १,७२७ चौरस किलोमीटर आहे. परंतु ऋतूचा प्रश्न काही सुटला नाही. उलट घरात दोन पक्ष पडले.

पुतण्याचा पक्ष वैशाखाचा. त्याचे म्हणणे अशास्त्रीय नव्हते. ताडोबाचे रान सागाचे व बांबूचे. उन्हाळ्यात सागाची पाने गळतात, गवत वाळते, आणि एरवी दहा हातांवर अडणारी दृष्टी लांबवर पोहोचते. ओढे आटतात, ताडोबा व तेलिया हे तलाव आणि वनखात्याने राखलेले पाणवठे एवढाच आधार राहतो. वाघास उष्मा सोसत नाही. तो तासन् तास पाण्यात बसून राहतो. पाणवठ्यांवर येणारी जनावरे मोजण्यासाठी वनखाते कैक वर्षे वैशाखी पौर्णिमेची रात्र निवडीत आले, ते याच कारणाने: पाणी अत्यंत थोडे आणि चांदणे पूर्ण. आता वाघांची गणती कॅमेऱ्यांच्या साह्याने होत असली तरी त्या रात्री मचाणावर बसण्याचा प्रघात राहिला आहे.

संस्कृत वाचकांस यात नवे काही वाटणार नाही. कालिदासाच्या नावावर असलेल्या ऋतुसंहाराचा आरंभ वसंताने न होता ग्रीष्माने होतो, आणि त्या सर्गात तहानेने व्याकूळ झालेले अरण्य आहे. तापलेला सर्प मोराच्या पिसाऱ्याच्या सावलीस येतो, बेडूक नागाच्या फणेखाली बसतो, सिंह जवळच्या हत्तीकडे पाहतही नाही. जन्मवैर विसरावयास लावील असा तो ताप! कवीच्या कल्पनेचा भाग सोडला तरी, उन्हाळ्यात सारे प्राणी एका पाण्याशी गोळा होतात, हे निरीक्षण खरेच आहे.

परंतु जो ताप सिंहास नमवितो तो एकोणऐंशी वर्षांच्या मनुष्यास काय करील? वैशाखात चंद्रपुराकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की जे नऊ दिवस तापतात, त्यांस विदर्भात ‘नवतपा’ म्हणतात. त्या दिवसांत तेथील रहिवासीदेखील दुपारचे घराबाहेर पडत नाहीत. अरण्यात न्यावयाची गाडी उघडी, आणि फेरी तीन-चार तासांची. अण्णांस रक्तदाबाचा विकार. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की, उन्हाळ्यात नेणार असाल तर माझी संमती गृहीत धरू नका. म्हणून वहिनींचा पक्ष पौषाचा. पौषात हवा सुखाची असते, तलावावर परदेशी पाखरे असतात, सकाळी धुके असते. मात्र रान दाट आणि पाणी सर्वत्र असल्याने वाघास बाहेर येण्याचे प्रयोजन थोडे. पावसाळ्याचा प्रश्नच नव्हता. जुलै ते सप्टेंबर गाभ्याचे अरण्य बंदच असते.

दोन्ही पक्ष अण्णांच्याच हितासाठी भांडत होते. एकास त्यांची इच्छा पुरी व्हावीशी वाटत होती, दुसऱ्यास त्यांचा जीव सांभाळावासा वाटत होता. अखेरीस अण्णाच माझ्याकडे वळून म्हणाले, “पंचांग आण. उन्हाळा सोसत नाही आणि हिवाळ्यात दिसत नाही, तर या दोहोंच्या मधला महिना कोणता, तो सांग.”

मी फाल्गुन सांगितला. त्यास मुख्य अडचण मुलांच्या शाळेची. मोठ्या नातीची परीक्षा असल्याने ती व तिची आई घरी राहिली, आणि याचे दुःख आम्हा सर्वांसच झाले. धाकटा नातू पाचवीत. त्याची तीन दिवसांची रजा काढावी लागली. ज्याने जन्मभर मुलांच्या रजेच्या अर्जांकडे संशयाने पाहिले, त्यानेच नातवाचा अर्ज स्वहस्ते लिहून दिला!

दादरला गाडीत बसून आम्ही नागपुरास उतरलो आणि तेथून मोटारीने मोहर्लीस गेलो. मंगळवारी अरण्य बंद असते, तो वार टाळूनच परवाने आधी काढून ठेवले होते. पळस फुललेला होता. दुपारी ऊन चटके देई, परंतु पहाटे अण्णांस शाल लागे. पहिल्या दिवशी ओल्या धुळीत वाघाची पावले दिसली. वानरांनी व चितळांनी इशारा दिला. सर्वांनी श्वास रोखला. आणि वाघ आला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता वाटाड्याने गाडी थांबविली व हळूच म्हटले, “बोलू नका, काका. अस्वल हाये. पिल्लू पाठीवर हाये.” मोहाच्या झाडाखाली रात्री गळलेल्या फुलांचा सडा पडला होता आणि एक अस्वलीण ती फुले टिपीत होती; पाठीवरच्या दाट केसांस बिलगून एक पिल्लू बसले होते. दहा मिनिटे तिने आमच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. अण्णांनी नातवाचा हात घट्ट धरून ठेवला होता.

परतताना पुतण्या जरा हिरमुसलेला होता. त्यास अण्णा म्हणाले, “अरे, वैशाखात आलो असतो तर मोहाचा बहर संपून गेला असता. वाघ दिसला नाही खरा. पण जे दिसले ते याच महिन्याचे होते.”

आमच्या अनुभवावरून कोणी फाल्गुन हाच सर्वोत्तम मास समजू नये. वाघच पाहावयाचा असेल आणि शरीर साथ देत असेल, तर वैशाखासारखा काळ नाही. पाखरे व गारवा हवा असेल तर मार्गशीर्ष-पौष बरे. आफ्रिकेस जावयाचे असेल तर प्रथम कोणते जनावर व त्याच्या आयुष्यातील कोणता प्रसंग पाहावयाचा ते ठरवावे, मग त्या वेळी पाणी कोठे असते ते विचारावे, आणि तिकिटाची किंमत सर्वांच्या शेवटी पाहावी. बरोबर वृद्ध माणूस असेल तर त्याच्या सोसण्याचे मोजमाप या सर्वांच्या आधी घ्यावे.

अण्णा आता ऐंशी ओलांडून गेले आहेत आणि त्यांस लांबचा प्रवास वर्ज्य आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्यांनी वैशाखी पौर्णिमेच्या चौकटीत पेन्सिलीने नातवाचे नाव लिहून ठेवले आहे. तो पुरेसा मोठा झाला म्हणजे मचाणावर बसून वाघ पाहण्याचे काम त्याचे.