मार्चचा पगार आणि कामगाराचं नाव

फेब्रुवारीचा पगार झाला की शॉपमधलं कुणीतरी विचारतंच, "या वेळी शंभर रुपये कमी कसे?" व्यवसाय कर एरवी महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, असे वर्षाचे २,५०० होतात. हे उत्तर पगार करणाऱ्याला तोंडपाठ हवं. ज्याच्या घामाच्या पैशातून कापलं, त्याला ते का कापलं हे नीट सांगणं आपल्या कामाचाच भाग आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि शिरोलीला वीस-पंचवीस माणसांच्या मशीनशॉपचे पगार मी करत आलो आहे. मार्च जवळ आला की मालकांची विचारणा सुरू होते ती टॅक्सची. माझा जीव अडकलेला असतो तो कामगारांच्या नावांत आणि जन्मतारखांत.

टॅक्सचं तसं लवकर आटपतं. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२,७५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर कर येत नाही; टर्नर-फिटरचा टीडीएस कापायची वेळ क्वचितच येते. कापला असेल तर मार्चचा टीडीएस ३० एप्रिलपर्यंत भरायचा आणि विवरणपत्र ३१ मेपर्यंत द्यायचं. भविष्यनिर्वाह निधीची, म्हणजे फंडाची मुदत मात्र कडक: मार्चचं चलन १५ एप्रिलला भरून झालंच पाहिजे. कामगाराच्या पगारातून कापलेला हिस्सा उशिरा भरला तर प्राप्तिकरात त्याची वजावट कायमची जाते, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं होतं. मला तो निकाल योग्य वाटतो. तो पैसा मालकाचा नव्हताच.

आता नावांकडे येतो. आपल्याकडे एकाच माणसाची तीन नावं असतात. आधारवर वडिलांच्या नावासह पूर्ण नाव, बँकेत नुसतं नाव-आडनाव, आणि आधीच्या कारखान्यात कुणीतरी घाईत टाइप केलेलं तिसरंच. बायकांच्या बाबतीत माहेरचं आणि सासरचं असे आणखी दोन फाटे. नाव जुळलं नाही की नव्या ठिकाणी दुसरा यूएएन, म्हणजे फंडाचा सदस्य क्रमांक, निघतो आणि एकाच माणसाची नोकरी दोन खात्यांत विभागली जाते. पेन्शनला किमान दहा वर्षांची सेवा लागते. सहा वर्षं इथली आणि पाच तिथली, पण ती एकत्र जोडलेलीच नाहीत, हे त्याला कळतं ते अठ्ठावन्नाव्या वर्षी. आणि तो मध्येच गेला, तर हे सगळं निस्तरायला त्याची बायको फंडाच्या कार्यालयात उभी असते. १५,००० रुपये पगारावर मालक दरमहा १,८०० भरतो, त्यातले १,२५० पेन्शनकडे जातात. पैसे भरूनही ते त्या घरापर्यंत पोचू नयेत, याचं मला फार वाईट वाटतं.

यातला बराच घोटाळा एक्सेलच्या शीटमध्ये जन्म घेतो. कॉम्प्युटरची तारखेची सेटिंग अमेरिकन पद्धतीची असेल, तर ०५/०३/१९८८ म्हणजे ५ मार्च न राहता ३ मे होतो, आणि महिना-दिवस दोन्ही बारांच्या आत असल्याने शीट कसलीही तक्रार करत नाही. बारा अंकी यूएएन १.०१E+११ असा दिसू लागतो. सोळा अंकी खातेक्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो, कारण एक्सेल पंधरा अंकांपलीकडचं धरून ठेवत नाही. खातेक्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं तर सरळ गळतात. म्हणून हे रकाने आधी 'टेक्स्ट' करायचे आणि मगच आकडे भरायचे. जन्मतारीख टाकताना महिना अक्षरांत लिहायचा. पगाराच्या सॉफ्टवेअरमधला स्त्री-पुरुष हा रकानाही एकदा बघा. एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर नाही. तो रकाना चुकला असेल तर एखाद्या बाईचे दरमहा २०० रुपये विनाकारण जात असतील.

सोडून गेलेल्यांची यादीही मार्चमध्येच हातावेगळी करावी. दिवाळीनंतर जो परत आलाच नाही, त्याची नोकरी सोडल्याची तारीख फंडाच्या पोर्टलवर कुणी भरलेली नसते. मग त्याला फंड काढायला अडचण येते. शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी कामगाराला ती तारीख स्वतःही भरता येते, पण गावी निघून गेलेल्या हेल्परला हे कोण सांगणार? आपण भरली तर दोन मिनिटांचं काम आहे.

एप्रिलची पगारवाढ ठरवताना ईएसआय या कामगार विमा योजनेचा विचार करा. तिची पगारमर्यादा २१,००० रुपये आणि वर्गणीचे सहामाही कालखंड एप्रिल ते सप्टेंबर, ऑक्टोबर ते मार्च. २०,५०० वाल्याला १ एप्रिलपासून २१,५०० केले तर त्याची वर्गणी तिथेच थांबते. हीच वाढ मेपासून दिली तर सप्टेंबरअखेर तो योजनेत राहतो. घरात आजारी आई असेल तर हा फरक त्या हजारापेक्षा मोठा ठरतो. निर्णय त्याला विचारून घ्या, परस्पर नको.

उचलीचं एक सांगतो. पगारावरची उचल मालकाच्या खिशातल्या डायरीत एक आणि कॉम्प्युटरमध्ये दुसरी असते. ३१ मार्चची बाकी दोघांनी समोरासमोर बसून मान्य करावी आणि सही घ्यावी.

बॅकअपबद्दल बहुतेकांना वाटतं की तो आहेच. तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघितल्याशिवाय मी त्याला बॅकअप मानत नाही. सतत जोडून ठेवलेली ड्राइव्ह व्हायरसने मूळ डेटाबरोबरच जाते. म्हणून एक प्रत काढून घरी ठेवावी, आणि वर्षभराची पगारपत्रकं, हजेरी व चलनं छापून फाइलला लावावीत. कामगार दहा-पंधरा वर्षांनी पुरावा मागायला येतो, तेव्हा तुमचं सॉफ्टवेअर बदललेलं असतं.

मालकांना माझी एवढीच विनंती आहे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एक दुपार मशीन बंद ठेवा. प्रत्येकाला आधार आणि पासबुक घेऊन टेबलाशी बोलवा, त्याचं नाव, जन्मतारीख, खातेक्रमांक आणि वारसाचं नाव त्याला स्क्रीनवर दाखवा, आणि चुकलं असेल ते दुरुस्त करायचा अर्ज त्याच बैठकीत भरा.