फजरनंतरची सोबत

मिरज हे एकेकाळी सायकलींचे गाव होते, असे सांगितले तर आजच्या मुलांना ते खरे वाटत नाही. कृष्णाकाठची ही जमीन सपाट. चढ हवाच असेल तर पंढरपूर रस्त्याने दंडोबाच्या डोंगराकडे जावे लागते. आमच्या वडिलांच्या पिढीतले शिक्षक, दूधवाले, रेल्वेतले कामगार, सतारी बनवणारे कारागीर, सगळे सायकलवरच दिसत. सायकलीवर नगरपालिकेचा कर असे आणि तो भरल्याची खूण म्हणून बिल्ला लावावा लागे. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसली की पोलीस अडवत. ज्याच्या घरी सायकल नसे, तो तासाच्या भाड्याने घेई. पुढे मोटारसायकली आल्या आणि सायकल गच्चीवर गेली. तिथे तिच्यावर गोधड्या वाळू लागल्या.

तीन वर्षांपूर्वी मोहल्ल्यातल्या सात-आठ घरांनी मिळून त्या गच्चीवरच्या सायकली खाली उतरवल्या. आम्ही म्हणजे कोणती संस्था नव्हे. त्यात एक निवृत्त शिक्षक, दोन शिवणकाम करणाऱ्या बहिणी, एक औषधाच्या दुकानातला नोकर आणि बाकी घरच्या बायका-पोरे. कोणाला साखरेचा त्रास होता, कोणाचे गुडघे धरले होते. दर रविवारी फजरची नमाज झाली की निघायचे आणि ऊन चढायच्या आत परतायचे, एवढेच ठरले. निरोपासाठी फोनवर एक ग्रुप केला. त्यात राजकारण नाही, फॉरवर्ड नाहीत. फक्त किती वाजता, कुठून, कोणत्या रस्त्याने आणि कोणाची सायकल नादुरुस्त आहे, एवढेच लिहायचे.

गंजलेल्या सायकली चालत्या करण्याचे काम कोपऱ्यावर पंक्चर काढणाऱ्या चाचांनी अंगावर घेतले. त्यांनी आम्हाला शिकवलेही. ट्यूब पाण्याच्या बादलीत बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघायचे, ती जागा घासून कोरडी करायची, सोल्युशन लावून थोडे सुकू द्यायचे आणि मगच ठिगळ दाबायचे. टायरच्या आतून बोट फिरवून काटा राहिला नाही ना, ते पाहायचे. नाहीतर बाभळीचा तोच काटा दुसऱ्या दिवशी पुन्हा भोक पाडतो. सीट इतकी उंच हवी की पायडल खाली गेल्यावर गुडघा किंचितच वाकेल. गुडघेदुखीची निम्मी तक्रार सीट वर केल्यावरच गेली.

एवढ्यावर हा हौशी लोकांचा घोळका राहिला असता. पण एका मुलीमुळे त्याला वेगळे वळण लागले. दहावीला तिला चांगले गुण मिळाले आणि विश्रामबागेतल्या कॉलेजात अकरावी सायन्सला प्रवेशही झाला. मिरजेतून ते अंतर पाच-सहा किलोमीटर. तिचे अब्बा हमालीचे काम करतात. रिक्षाचे रोजचे पैसे दोन महिन्यांतच जड झाले. घरात बोलणे सुरू झाले, “कॉलेज राहू दे, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा दे.” घरी भावाची सायकल होती, मुलीला ती चालवताही येत होती. अडचण सायकलीची नव्हती. तिची अम्मी म्हणाली, “एकटीला कशी पाठवू?”

या प्रश्नाला उपदेश करून उत्तर देता येत नाही. सोबत देणे हेच त्याचे उत्तर. म्हणून रविवारच्या फेरीला जोडून आम्ही रोजची कॉलेजची फेरी सुरू केली. त्याच रस्त्याने जाणाऱ्या मुली एका ठिकाणी जमतात, पुढे एक जाणती मुलगी आणि मागे आमच्यापैकी कोणीतरी मोठे माणूस. सुरुवातीला तिघी होत्या. वर्षअखेर अकरा झाल्या.

विरोध झाला नाही असे नाही. “लोक काय म्हणतील?” हे आलेच. एका खालांची शंका मात्र अगदी रास्त होती. बुरखा चेनमध्ये अडकला तर? त्यावर उपाय केला. बिनदांड्याची लेडीज सायकल, पूर्ण झाकलेले चेनकव्हर, मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी आणि खालचा घेर आवरायला साधी चिमटी. शिवणाऱ्या बहिणींनी काही मुलींना घेर बेताचा करून दिला. शंका ऐकून घेतली की माणसे ऐकतात, हे आम्ही त्या दिवसांत पाहिले. तरीही दोन घरांनी आपल्या मुली परत बोलावल्या. त्यांच्याशी सलाम-दुआ आहे, जबरदस्ती नाही.

हे काम जगात आम्हीच पहिले केले, अशातला भाग नाही. तमिळनाडूच्या पुदुकोट्टै जिल्ह्यात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवली गेली. तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी ते उचलून धरले आणि हजारो ग्रामीण स्त्रिया सायकलवर बसल्या. त्यात मुस्लिम मुलीही होत्या, हे पत्रकार पी. साईनाथ यांनी लिहून ठेवले आहे. बिहारमध्ये 2006 पासून नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळू लागले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी 32 टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. शाळा जितकी लांब, तितका फायदा जास्त. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमात निवडलेल्या तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात.

मग पैशाचा प्रश्न आला. ग्रुप दीडशेच्या घरात गेला होता. सांगलीचेही लोक आले, काहींकडे गिअरच्या महागड्या सायकली. त्यांच्यातून सूचना आली की वर्षाला पाचशे रुपये फी ठेवू, टी-शर्ट काढू, मेडल देऊ. त्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. फुकट मिळाले की किंमत राहत नाही, पंप आणि औषधपेटीला खर्च येतो, शिस्त लागते. एका दुकानदाराने टी-शर्ट देऊ केले, पाठीवर दुकानाचे नाव आणि खरेदी त्यांच्याचकडे, या अटीवर.

ईशानंतर शिक्षकांच्या अंगणात बसून यावर बोललो. पंक्चरवाले चाचा शेवटी म्हणाले, “फी लावली तर पहिला कोण जाईल ते सांगा.” उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होते. ज्या घरातून तीन मुली येतात, त्या घराला पाचशे म्हणजे दीड हजार. ते लोक फी माफ करा असे म्हणायलाही येणार नाहीत. गुपचूप यायचे बंद होतील. हा सगळा खटाटोप ज्यांच्यासाठी, तेच बाहेर राहिले तर टी-शर्ट घालायचा कोणी?

फी लावली नाही. पंप, पाने, ठिगळे आणि औषधपेटी चाचांच्या दुकानात असते. ज्याला जमेल तो त्यात वस्तू आणून टाकतो आणि वहीत वस्तू लिहितो, देणाऱ्याचे नाव लिहीत नाही. साठेक लोक ग्रुप सोडून गेले. गेले ते वाईट नव्हते. त्यांना स्पर्धा हवी होती, आम्हाला सोबत. सांगलीचे दोन डॉक्टर मात्र राहिले आणि महिन्यातून एकदा बायकांचा रक्तदाब तपासतात.

नियम थोडेच आहेत. ऊसतोडीच्या हंगामात बिनदिव्याच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, म्हणून मागे लाल रिफ्लेक्टर हवाच आणि ट्रॉलीला ओलांडायचे नाही. कानात वायर घालायची नाही. सर्वात हळू चालवणाऱ्याचा वेग तोच सगळ्यांचा वेग. भर पावसात काळी माती मडगार्डमध्ये चिकटून चाक अडते, तेव्हा मुली मिळून रिक्षा करतात. रमजानमध्ये रविवारच्या फेऱ्या बंद, ईदनंतर पुन्हा सुरू. कोणी आले नाही तर दुपारी त्या घरी एक फोन जातो. आमच्यातल्या एका एकट्या राहणाऱ्या खाला म्हणतात, सायकलीपेक्षा त्यांना तो फोन जास्त आवडतो.

ती मुलगी आता बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. भावाची सायकल तिची धाकटी बहीण चालवते, हिने स्वतः शिकवण्या घेऊन दुसरी घेतली.

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्या गच्चीवरही एखादी सायकल असेल. तिला हवा भरा, चेनला तेल द्या आणि शेजारच्या घराला विचारा. दोन घरे मिळाली तरी सुरुवात होते. त्यासाठी कार्यालय लागत नाही, पावतीपुस्तक तर नाहीच. मागे राहिलेल्यासाठी थांबणारे एक माणूस मात्र लागते.