खणाचे तुकडे

खणाचा तुकडा मला टाकवत नाही. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डला विणलेलं हे कापड आपल्याकडे चोळीसाठी आलं आणि ओटीत मानानं बसलं. ब्लाऊज बेतून झाला की काठाची एखादी पट्टी, बगलेजवळचे वेडेवाकडे कोपरे उरतात. आज त्यांचेच कुशनचे अभ्रे शिवायला घेतले.

खणाचे धागे फार लवकर सुटतात. म्हणून प्रत्येक तुकड्यामागे जुन्या सुती साडीचं अस्तर धरते, अर्धा इंच माया सोडते आणि मगच टीप मारते. जोडाजोडीत उभा धागा उभ्यालाच ठेवायचा, नाहीतर कापड ओढ घेतं आणि चौकोन तिरका होतो. प्रत्येक जोड लगेच इस्त्रीनं दाबला की अर्धं काम फत्ते.

16 इंचांच्या कुशनला पुढचा भाग 17 इंचांचा चौकोन. मागे 17 बाय 12 चे दोन तुकडे, एकावर एक येणारे; चेन नको, बटण नको. मोरपिशी खणाशेजारी आमसुली लावला आणि मधोमध आईच्या इरकलीची पट्टी. ती साडी विरली, काठ मात्र अजून शाबूत आहे. त्या पट्टीवर हात फिरवत मी बराच वेळ बसले. दुकानातल्या कोणत्याही अभ्र्यात हे मिळणार नाही.

शिंप्याकडे ब्लाऊज टाकाल तेव्हा उरलेले तुकडे आवर्जून मागून घ्या.