उतरत्या हिवाळ्यात घराची ऊब

मकरसंक्रांत होऊन गेली, मेणबत्त्यांचा सणही पार पडला, तरी आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातील पहाट अद्याप अंगावर काटा आणते. तेलंगणाच्या अगदी उत्तर टोकाला, डोंगर व सागवानी रानाच्या कुशीत हा मुलूख वसला असल्यामुळे राज्यातील थंडीचा नीचांक पुष्कळ वेळा येथेच नोंदला जातो. डिसेंबर-जानेवारीत पारा कधीकधी ५ अंशांच्या आसपास उतरतो. फेब्रुवारीची तऱ्हा मात्र निराळी. दुपारी ३० अंशांचे ऊन सोसवत नाही आणि पहाटे गोधडी सोडवत नाही! तेव्हा या दिवसांत घर ऊबदार राखण्याची विद्या ही विस्तव पेटविण्याची नसून दुपारची ऊब रात्रीपर्यंत जपून ठेवण्याची आहे, असे आमचे मत आहे.

विस्तवाविषयी आरंभीच स्पष्ट बोललेले बरे. बाळंतिणीच्या अथवा वृद्धाच्या खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून दारे-खिडक्या लावून घेण्याची रीत घरभेटींच्या वेळी आम्ही आजही पाहतो. ‘फादर, धूर कुठे आहे? नुसते निखारे आहेत,’ असे उत्तर मिळते. वाचकहो, घात नेमका तेथेच आहे. कोंडलेल्या खोलीत निखारे धुमसत राहिले की त्यांतून कार्बन मोनॉक्साईड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या मानाने २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. प्रथम डोके दुखते, मळमळते, मग गुंगी येते. आणि निजलेले माणूस त्या गुंगीलाच झोप समजते. शेगडीपाशी निजलेल्या सबंध कुटुंबांच्या मृत्यूच्या वार्ता दर हिवाळ्यात देशातील वर्तमानपत्रांत येतात.

आमच्या आजीबाईंना हे कळत नव्हते काय, असे कोणी विचारील. त्यांचे घर कवेलूंचे होते, भिंती कुडाच्या होत्या. छपराच्या शेकडो फटींतून हवा अहोरात्र खेळत असे. ती रीत पूर्णपणे निर्धोक होती असे नव्हे, परंतु त्या फटींनी पुष्कळांना राखले. आता घरे सिमेंटची झाली, खिडक्यांना काचा आल्या. रीत मात्र तीच राहिली. शेक द्यावयाचाच तर तो दिवसा, दार उघडे ठेवून द्यावा आणि निजण्यापूर्वी शेगडी अंगणात न्यावी. कोणास गुंगी आलीच, तर त्यास तत्काळ मोकळ्या हवेत आणून दवाखाना गाठावा.

मग ऊब आणावी कोठून? हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून दक्षिणेची दारे-खिडक्या सकाळी १० वाजल्यापासून उघडाव्यात आणि ऊन उतरण्यापूर्वी, ४ च्या सुमारास, लावून घ्याव्यात. मातीची जाड भिंत दिवसभर ऊन पिते व रात्री हळूहळू परत देते. टिनाच्या पत्र्याला हा गुण नाही; दुपारी तो भाजतो आणि रात्री आकाशाकडे सारी उष्णता टाकून बर्फासारखा गार पडतो. त्याच्याखाली वीतभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्याचे छत बांधले, तर मधली हवा दोन्ही ऋतूंत उपकार करते. चुलीच्या वर मात्र असे छत नको.

आणि आपण कापूस पिकविणारी माणसे! कापूस स्वतः ऊब निर्माण करीत नाही. तंतूंमध्ये अडकलेली हवा अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही, एवढेच. दमट झालेली, दबून बसलेली रजई म्हणूनच थंड लागते. दुपारी २ तास तिला ऊन द्यावे, आणि काही वर्षांनी कापूस पिंजाऱ्याकडून पुन्हा पिंजून घ्यावा. खाली गादी नसेल तर वर तीन पांघरुणे घेऊनही पाठ गारठते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

याच दिवसांत पऱ्हाटी उपटून शेतातच जाळली जाते, आणि त्याच घरातील स्त्रिया सरपणासाठी कोसभर रान तुडवितात. हे आम्हास विचित्र वाटते. तीच पऱ्हाटी सरपण म्हणून वापरावी. मात्र तिच्यावर राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते, ती बोंडे आधी तोडून जाळावीत आणि पावसाळ्यापूर्वी सरपण संपवावे. चुलीवर धुराडे हवेच.

विजेचे म्हणाल, तर २०२४ साली राज्यात गृहज्योती योजना सुरू झाली आणि २०० युनिटांच्या आत राहणाऱ्या पात्र घरांचे बिल शून्य झाले. परंतु पाणी तापविण्याची १५०० वॅटची कांडी रोज २ तास चालली, तर महिन्याला ९० युनिटे तीच खाते. मर्यादा ओलांडली की सगळेच बिल माथी येते. पाण्याची घागर सकाळीच उन्हात ठेवावी आणि लेकरांना दुपारी न्हाऊ घालावे.

फाल्गुन तापू लागला की खिडक्यांचा हाच क्रम उलटा करावा, रात्री उघड्या आणि दुपारी बंद. आणि गोधड्या कडक उन्हात वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून पेटीत ठेवून द्याव्यात.