वंगण आणि पऱ्हाट्या

आजोबांच्या बैलगाडीखाली बांबूचं एक नळकांडं लटकत असे. त्यात तेलात भिजलेल्या काळ्याकुट्ट चिंध्या. गाडीत कापूस भरायच्या आधी आजोबा चाकाची खीळ काढत, चाक थोडं बाहेर ओढत आणि उघड्या पडलेल्या आखावर वंगण फिरवत. "आख कोरडा राहिला की बैलाचा जीव जातो," म्हणत.

भरलेली गाडी जागची हलवताना बैल मान खाली घालत, जुवाखालची कातडी ताणली जाई. चाकं फिरू लागली की बैलांची चाल सैल पडे. मात्र ओढणं थांबलं की गाडीही थांबे. हे रोज पाहणाऱ्याला वाटणारच, की गती म्हणजे सतत कुणीतरी ओढत राहणं. ॲरिस्टॉटललाही तसंच वाटलं होतं.

गॅलिलिओनं उतारावरून गोळा सोडला. समोरच्या चढावर तो जवळपास तेवढीच उंची गाठे. चढ जितका सौम्य, तितका गोळा लांब पळे. मग चढच नसेल तर? घर्षणही नसेल, तर गोळ्यानं थांबावं कशासाठी? 1687 साली न्यूटननं 'प्रिन्सिपिया'त हाच विचार पहिला नियम म्हणून मांडला: बाहेरून बल लागलं नाही, तर थांबलेली वस्तू थांबूनच राहते आणि चालती वस्तू त्याच वेगानं सरळ चालत राहते. 1977 साली सुटलेलं व्हॉयेजर 1 हे अवकाशयान आजही सेकंदाला सुमारे 17 किलोमीटर वेगानं दूर चाललं आहे, त्याला ढकलणारं इंजिन नाही. सपाट वाटेवर एका चालीनं जाणारे आमचे बैलही गाडीचा वेग वाढवत नव्हते. घर्षण जेवढं खाई, तेवढं ते भरून देत होते.

एकदा अवकाळी पावसात गाडी काळ्या मातीत रुतली. बैल जोर करत, पण खूर मागे घसरत. मी चाकाला खांदा द्यायला धावलो. "चाक सोड रे पोरा," आजोबा ओरडले, "आधी बैलांच्या पायाखाली पऱ्हाट्या टाक!" बांधावरच्या कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या आणून टाकल्या. खूर टेकले, रुतले, आणि गाडी हलली.

पुढे शाळेत न्यूटनचा तिसरा नियम वाचला आणि अडलो. न्यूटननं उदाहरण दिलं आहे दोरानं दगड ओढणाऱ्या घोड्याचं: घोडा दगडाला जितकं ओढतो, तितकंच दगड घोड्याला मागे ओढतो. दोन्ही ओढी सारख्या, मग कुणी हलावं कसं? उत्तर मी त्या चिखलात पाहिलं होतं. त्या दोन ओढी दोन वेगळ्या वस्तूंवर असतात. बैल खुरांनी जमिनीला मागे रेटतो, जमीन त्याला तितक्याच जोरानं पुढे रेटते. गाडीच्या ओढीपेक्षा हा रेटा जास्त झाला, की बैल पुढे निघतो. निसरड्या चिखलात खुराला जमीन रेटताच येत नव्हती, म्हणून जमिनीकडूनही काही मिळत नव्हतं. पऱ्हाट्यांनी तो रेटा मिळवून दिला.

घर्षण एकच. आखाशी ते वंगणानं कमी करायचं, खुराशी पऱ्हाट्यांनी वाढवायचं. शाळेची पायरी न चढलेल्या आजोबांना ते कुठे नको आणि कुठे हवं, हे पक्कं ठाऊक होतं. गाडी बैलांनीच ओढली. जमिनीनं त्यांना पुढे रेटलं, म्हणून त्यांना ती ओढता आली.