जोडणीचा क्षण

जो हिशेब वर्षानुवर्षे बिनचूक जुळत आला, त्याच्याकडे पाहणारी नजर हळूहळू सैल होत जाते. व्यापारी माणसाला हे निराळे सांगावे लागत नाही. घरच्या घरी पेरिटोनियल डायलिसिस करणाऱ्या रुग्णाचा धोकाही याच ठिकाणी दडलेला असतो.

मूत्रपिंडे निकामी झाल्यावर रक्तशुद्धीचे काम या पद्धतीत पोटातील पातळ आवरणाकडून करून घेतात. पोटात बसविलेल्या मऊ नळीतून साधारण दोन लिटर द्राव आत सोडायचा, काही तासांनी तो काढायचा आणि नवा भरायचा. हाताने करावयाच्या पद्धतीत हे बहुधा दिवसातून ४ वेळा, म्हणजे वर्षातून १४६० वेळा घडते. रुग्णालयाच्या फेऱ्या वाचतात, दुकान सुटत नाही. मात्र प्रत्येक वेळी नळीला नवी पिशवी जोडावी लागते आणि एरवी बंद असलेल्या उदरपोकळीचे दार त्या क्षणापुरते उघडते.

तो क्षण सुरक्षित करण्यासाठी अनेकांनी परिश्रम घेतले. १९६८ मध्ये अमेरिकेतील हेन्री टेंकहॉफ यांनी दोन कापडी कड्यांची सिलिकॉन नळी पुढे आणली. शरीरातील ऊती त्या कड्यांत रुजतात आणि जंतूंना अडसर होतो. १९७६ मध्ये टेक्सासमधील रॉबर्ट पॉपोविच व जॅक मॉन्क्रीफ यांनी चालता-फिरता करावयाची पद्धत मांडली. तेव्हा द्राव काचेच्या बाटल्यांतून येई आणि संसर्ग वारंवार होई. टोरंटोतील डिमिट्रिओस ओरिओपुलोस यांनी प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरात आणल्या. पुढे इटलीत वाय आकाराची नळी आली. आधी जुना द्राव बाहेर, मग थोड्या नव्या द्रावाने नळी धुणे आणि त्यानंतरच पोटात भरणे, या साध्या क्रमाने संसर्ग पुष्कळ घटला.

साधने सुधारली, तरी हात माणसाचेच राहिले. तालुक्याच्या गावी धान्याचा व्यापार करणारे एक गृहस्थ दीड वर्ष हे उपचार निर्विघ्नपणे घेत होते. ऐन हंगामात एके दुपारी मुनीमजी सहीसाठी दाराशी उभे होते. घाईत नळीचे उघडे टोक सदऱ्याच्या बाहीला लागले. कोणी पाहिले नाही; त्यांनीही सांगितले नाही आणि द्राव आत सोडला. दोन दिवसांनी बाहेर आलेला द्राव गढूळ होता, पोटात कळा येत होत्या. सुनेने ती पिशवी फेकू दिली नाही. तपासणीसाठी सोबत घेऊनच ती त्यांना रुग्णालयात घेऊन गेली. प्रतिजैविकांनी संसर्ग आटोक्यात आला आणि नळी वाचली. परंतु असे संसर्ग पुनःपुन्हा झाल्यास नळी काढावी लागते. पोटाचे आवरणही निकामी होऊ शकते. नंतर परिचारिकेने सारी कृती त्यांना पहिल्यापासून पुन्हा शिकविली. सासऱ्यांपेक्षा अधिक लक्षपूर्वक शिकली ती सून.

तेव्हापासून त्या घरात जोडणीच्या वेळी खोलीचे दार बंद असते आणि पंखा थांबलेला असतो. रुग्ण व मदतनीस दोघांच्याही तोंडावर मास्क असतो. हात साबणाने धुऊन स्वच्छ कापडाने पूर्ण कोरडे केले जातात. पिशवीची मुदत आणि गळती आधी पाहिली जाते. उघडे टोक कशाला लागलेच, तर द्राव न सोडता क्लॅम्प बंद करून केंद्राला दूरध्वनी होतो. पोटावरील नळीच्या तोंडाची जागा रोज स्वच्छ होते आणि डॉक्टरांनी दिलेले प्रतिजैविक मलम तेथे लागते. नळीला ओढ बसू नये म्हणून ती पट्टीने स्थिर केलेली असते. हळद, पावडर वा घरगुती लेप तेथे लावला जात नाही. लाली, वेदना किंवा पू दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांना कळविले जाते. बद्धकोष्ठताही टाळली जाते, कारण आतड्यांतील जंतू तेथूनही उदरपोकळीत शिरू शकतात.

दिवाळीत गावोगावचे आप्त जमले, तेव्हा थोरले काका सवयीने थेट खोलीत शिरू लागले. सून नम्रपणे म्हणाली, "काका, थोडा वेळ बाहेरच बसा. बाबांची पिशवी बदलायची आहे." क्षणभर त्यांना अपमान वाटला, कारण कळताच बाकीच्या मंडळींना त्यांनीच दारात थोपविले.

१४५९ वेळा नियम पाळला, म्हणून उरलेल्या एका वेळेची सूट मिळत नाही. ज्या घरी असा रुग्ण आहे, तेथे बंद दाराचा मान राखणे ही सर्व कुटुंबाची जबाबदारी आहे.